बाबांच्या पेटीतल्या १५०० निगेटिव्ह आणि एक छोटा क्रॉप सेन्सर कॅमेरा: कामाच्या नोंदी

६ एप्रिल

दिवाणाखालची पत्र्याची पेटी शेवटी बाहेर काढली. बाबा नागपूरला रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमधे नोकरीला होते आणि साधारण १९८० ते ९५ पर्यंत झेनिट कॅमेरा गळ्यात अडकवून जमेल तेवढे फोटो काढत राहिले. इतवारीहून सुटणारी नागभीडची आणि छिंदवाड्याची छोटी लाइन, उमरेड, भिवापूर, सावनेरची स्टेशनं, आणि त्याच रोलमधे उरलेल्या फ्रेमवर घरची बारशी, लग्नं, आजी, आम्ही. मोजलं तर ३५ मिमीचे ३८ रोल आणि त्याच्याही आधीचे आग्फा क्लिक कॅमेऱ्यावर काढलेले १२० चे, म्हणजे रुंद फिल्मचे, ११ रोल निघाले, म्हणजे दीडेक हजार फ्रेम. प्रिंट घरात शंभर असतील नसतील, बाकीचं कोणी कधी पाहिलंच नाही. छिंदवाड्याची लाइन २०१५ ला बंद पडली, नागभीडची २०१९ ला, अडीच फुटी रुळांवरची ती गाडी आता मोतीबागच्या म्युझियममधे उभी आहे तेवढीच. बाबा ७४ चे आहेत, कोणता फोटो कुठला हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर या सगळ्या निगेटिव्ह डिजिटल करून घ्यायचं ठरवलं.

एका दुकानात विचारलं तर फ्रेममागे १५ रुपये, म्हणजे साडेबावीस हजार, आणि हातात येणार छोट्या जेपीजी. तेवढ्यात सेकंडहँड कॅमेरा येतो, त्यानं निगेटिव्हचे फोटो घरीच काढता येतात, आणि तो नंतरही आपलाच राहतो.

१२ एप्रिल

सोनी ए६००० आला, सोबत येणाऱ्या किट लेन्ससकट २३,५०० रुपये. मॉडेल २०१४ चं आहे म्हणून दोघातिघांनी नको म्हटलं, पण या कामाला काय लागते ते आधी कागदावर लिहून काढलं होतं आणि ते सगळं यात आहे. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी म्हणजे क्रॉप सेन्सर (२३.५ बाय १५.६ मिमी), स्क्रीन वरच्या बाजूनं ९० अंश उघडते म्हणून कॅमेरा जमिनीकडे तोंड करून टांगला तरी समोर बसून दिसते, फोकस पीकिंग आहे (फोकसमधल्या कडा रंगीत दिसतात), फोकस मॅग्निफायर ११.७ पटीपर्यंत जातो, आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन आहे म्हणजे एक्स्पोजर सुरू होताना शटरचा धक्का बसत नाही. आरसा नाहीच, त्यामुळे आरसा उचलण्याचाही धक्का नाही. टचस्क्रीन नाही आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, दोन्ही मला इथं लागत नाहीत.

फुल फ्रेम काहून नाही घेतला तेही लिहून ठेवतो. ३५ मिमीची फ्रेम ३६ बाय २४ असते, ती तेवढ्याच आकाराच्या फुल फ्रेम सेन्सरवर पूर्ण भरायची तर १:१ मॅक्रो लागते, म्हणजे सेन्सरवर वस्तूएवढंच चित्र पडावं लागते. क्रॉप सेन्सर छोटा असल्यानं ०.६५ पट पुरते. मॅग्निफिकेशन कमी म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड (फोकसमधे राहणारी खोली) जास्त, आणि वाकलेल्या जुन्या फिल्मला तेच पाहिजे.

घेताना दुकानातच पांढऱ्या भिंतीचा एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, फोटो काढून पाहिला. सेन्सरवर दोन ठिपके होते, त्यापायी ५०० कमी करून घेतले.

१३ एप्रिल

किट लेन्सवर करून पाहिलं. नाही होत. १६-५० चं जास्तीत जास्त मॅग्निफिकेशन ०.२१५, म्हणजे निगेटिव्ह अख्ख्या फोटोच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटासारखी येते आणि रुंदीतल्या ६००० पिक्सेलमधले जेमतेम २००० कामी येतात. मोबाइलनंही यापेक्षा फार वाईट आलं नसतं. दिवस गेला, पण ते गणित आधीच करता आलं असतं, तुम्ही करा.

१९ एप्रिल

बाबांच्या झेनिटची लेन्स काढली, हेलिओस ४४-२, ५८ मिमी. सोनीचा माउंट (लेन्स बसते ती कडी) सेन्सरपासून फक्त १८ मिमीवर आहे म्हणून मधे अडॅप्टर टाकून जवळपास कोणतीही जुनी लेन्स बसते, मिररलेसचा हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. एम ४२ (४२ मिमी आट्याचा) अडॅप्टर ६५० रुपये, लेन्स सेन्सरपासून दूर नेणाऱ्या ७-१४-२८ मिमीच्या एक्स्टेन्शन नळ्यांचा सेट ५५०.

किती नळ्या लावायच्या याचा हिशोब सोपा आहे, फोकल लेंग्थ गुणिले मॅग्निफिकेशन. ५८ गुणिले ०.६५ म्हणजे ३८ मिमी, तर २८ आणि ७ लावल्या, उरलेलं लेन्सच्या फोकस रिंगनं भरून काढलं.

आणि शटरच दबेना. तास गेला, अडॅप्टर दहा वेळा काढला-घातला, बॅटरी काढून पाहिली, शेवटी मेनूमधे 'रिलीज विदाऊट लेन्स' बंद होतं ते चालू केल्यावर फोटो निघाला. जुन्या लेन्समधे चिपच नसते, कॅमेऱ्याला वाटते लेन्स लागलेलीच नाही. जुनी लेन्स लावणाऱ्यानं सगळ्यात आधी हे चालू करावं.

पहिली फ्रेम इतवारी स्टेशनची निघाली. ज्या लेन्सनं बाबांनी तो फोटो काढला त्याच लेन्समधून चाळीस वर्षांनी तो परत पाहत होतो. बाबांना हाक मारली, ते बराच वेळ स्क्रीनकडे पाहत बसले.

२० एप्रिल

ट्रायपॉड उलटा करून कॅमेरा खाली टांगला तर हळूहळू घसरतो, दहा फ्रेममधे फोकस गेलेला असतो. ओळखीच्या एका फोटो स्टुडिओचा डार्करूमचा माल धूळ खात पडला होता, तिथून जुना एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठे प्रिंट काढायचं यंत्र) १५०० ला मिळाला. डोकं काढून टाकलं, खांब आणि खालचा जड पाट ठेवला. खांबावर वरखाली सरकणारा हात आहे, त्यालाच लोखंडी पट्टी बसवून कॅमेरा लावायचा. ज्यांना स्टँड पाहिजे त्यांनी जुन्या स्टुडिओत विचारावं, नवा कॉपी स्टँड घ्यायच्या भानगडीत पडू नये.

चूक इथं केली: पट्टीला एम ६ चा बोल्ट लावला. ट्रायपॉडचं भोक पाव इंची आटीचं असते, एम ६ त्यात जातो आणि दोन आटे धरलेही वाटतात, पण तो पकडत नाही. कॅमेरा चार इंचावरून पाटावर पडला, उशी होती म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी इतवारीत हार्डवेअरवाल्याला जुना बोल्ट दाखवला तर त्यानं पाहताक्षणी सांगितलं, "दादा, हा दोन सुताचा पाहिजे." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुताचा बोल्ट आणि चकती, १८ रुपये.

२७ एप्रिल

खाली उजेडाला ट्रेसिंगचं एलईडी पॅड घेतलं, ७०० रुपये. ते वाया गेलं असं म्हणणार नाही पण त्यानं आठवडा खाल्ला. आधी फोटोत आडवे पट्टे आले. स्वस्त एलईडी भराभर चालू-बंद होत असते, डोळ्याला दिसत नाही पण सेकंदाच्या २०० व्या भागाच्या शटरला दिसते. शटर आठव्या भागावर आणलं, पट्टे गेले. मग रंग मळकट. ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेलं छोटं व्हिडिओ लाइट २२०० ला घेतलं, त्यावर दुधी अॅक्रिलिक, आणि निगेटिव्ह अॅक्रिलिकपासून दोन बोटं वर उचलली म्हणजे अॅक्रिलिकवरची धूळ आणि ओरखडे फोकसमधे येत नाहीत. हे लाइट आधीच घेतलं असतं तर ७०० वाचले असते.

४ मे

पट्टे घालवायला शटर मंद केलं त्याचा त्रास आता सुरू झाला. दुपारी काढलेले ४० फोटो सगळे हललेले, रात्रीचे मात्र धारदार. एन्लार्जरचा खांब, बोल्ट, पट्टी, सगळं परत कसलं, काही फरक नाही. दोन दिवस डोकं लावल्यावर समजलं की कारण कूलर. खिडकीतला मोठा कूलर चालू असला की भिंत आणि फरशी बारीक थरथरते आणि टेबल भिंतीला लागून होतं, ११.७ पटीवर मॅग्निफाय करून पाहिलं तर स्क्रीनवर फिल्मचे कण नाचताना दिसले. पंख्याचं तसं होत नाही, कूलरचंच होते.

मे महिन्यात नागपूरला कूलर बंद ठेवून काम करणं किती कठीण ते इथल्या माणसाला सांगायला नको. टेबल भिंतीपासून सोडवलं, पायाखाली रबराचे तुकडे टाकले, पाहिजे तेवढा फरक नाही पडला. शेवटी वेळच बदलली, पहाटे साडेचार ते सात. तेव्हा कूलर बंद ठेवता येतो. दोन सेकंदाचा टायमर लावत होतो तो बदलून ४५० ची वायरची रिमोट घेतली, कारण दीड हजार फ्रेमवर दोन-दोन सेकंद म्हणजे पाऊण तासाच्या वर होतात.

९ मे

या दिवशीचं लिहायला बरं वाटत नाहीये. सुकं हवामान, फिल्म घासली की विजेसारखी धूळ ओढून घेते, फुंकणीनं जात नव्हती. फिल्मच्या एका पट्टीवर डाग दिसला म्हणून ओल्या मऊ कापडानं पुसला. पुसला तो इमल्शनच्या, म्हणजे चित्राचा थर असतो त्या बाजूनं. आजी गच्चीवर सांडगे घालत बसलेली फ्रेम होती, तिच्या चेहऱ्यावर तिरका ओरखडा पडला आणि एक कडा फुगून आली. आजीचा असा काम करतानाचा फोटो दुसरा नाही. बाबांना लगेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पुढची पट्टी काढून माझ्या हातात दिली.

तेव्हापासूनचा नियम: चकाकणारी बाजू म्हणजे बेस, मंद दिसणारी बाजू इमल्शन. इमल्शनला फुंकणीशिवाय काही लावायचं नाही. बेसवर अगदीच डाग असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंटफ्री कापड, एकदाच, दाब न देता. बाकीची धूळ काँप्युटरवर काढता येते, गेलेलं इमल्शन परत येत नाही.

१७ मे

कडा सॉफ्ट येत होत्या. मधोमध इंजिनाचे रिवेट मोजता येतात आणि कोपऱ्यातला माणूस मेणासारखा. मला वाटलं जास्त बंद करू, एफ १६ लावलं, तर मधलंही सॉफ्ट झालं. जवळून काढताना खरं छिद्र लेन्सवर लिहिल्यापेक्षा बारीक धरावं लागते, ०.६५ पटीवर एफ १६ चं साधारण २६ होते आणि डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून उजेड पसरणं) सगळं खाऊन टाकते. एफ ८ चं १३ होते, ते चालते. म्हणून एफ ८ वरच थांबलो.

कोपऱ्यांचा इलाज वेगळाच निघाला. हेलिओस माणसांचे फोटो काढायला बनलेली लेन्स आहे, तिची फोकसची पातळी सपाट नाही, आणि मी तिच्याकडून सपाट फिल्मचं काम मागत होतो. एन्लार्जरसोबत ५० मिमीची एन्लार्जर लेन्स आली होती, ती मी डब्यात फेकली होती. ती तर बनवलीच सपाट निगेटिव्हसाठी! ३९ ते ४२ ची रिंग २५० रुपये, आणि त्या लेन्सला फोकस रिंग नसते म्हणून एम ४२ हेलिकॉइड (फिरवून लांब-आखूड होणारी नळी) १४०० ला. १४ ची नळी आणि हेलिकॉइड, लेन्सपासून फिल्म साधारण १३ सेंटीमीटरवर. पहिल्याच फ्रेमला चारही कोपरे आले.

मला बाबांचीच लेन्स वापरायची होती, मनातून फार होतं. बाबाच म्हणाले, "अरे, वर्कशॉपमधे टर्निंगचं काम कोणी ड्रिलिंग मशीनवर करते का? ज्याचं काम त्यालाच दे." हेलिओस पुसून झेनिटवर परत चढवली.

१८ मे

फिल्म आणि सेन्सर समांतर नसले तर एक बाजू सुटते. स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिली, पुरत नाही. चांगला उपाय म्हणजे आरसा. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा, लाइव्ह व्ह्यूमधे स्वतःच्या लेन्सचं प्रतिबिंब दिसते, ते गोल बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेऱ्याखाली कागदाच्या घड्या सारायच्या. पाच मिनिटं लागतात, रोज सकाळी करतो.

२५ मे

बॅटरी. स्क्रीन सतत चालू म्हणजे दीड तासात संपते. यूएसबीनं चार्ज होते पण कॅमेरा बंद असतानाच. ९०० ची डमी बॅटरी घेतली, ती भिंतीच्या प्लगवर चालते. एकदा लाईट गेली आणि चालू रोलचा शेवटचा फोटो गेला, तेवढंच.

११ रोल झाले. सुरुवातीला रोलला अडीच तास लागत होते, आता चाळीस मिनिटं.

१ जून

फिल्म सपाट राहावी म्हणून वरून साधी काच ठेवली, तर आकाशात तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलयं आली. न्यूटन रिंग म्हणतात त्याला, चकचकीत काच चकचकीत बेसला टेकली की येतात. काच काढली. एन्लार्जरच्या निगेटिव्ह कॅरिअरमधे (फिल्म धरायच्या चौकटीत) फक्त कडा दाबल्या जातात, तोच परत आणून घासून काळा रंगवला. एन्लार्जरचा एकेक भाग मी फेकत गेलो आणि एकेक परत आणला.

८ जून

बाबांना टीव्हीवर दाखवावं म्हणून मायक्रो एचडीएमआयची वायर लावली. भिवापूरच्या फलाटाचा फोटो आला आणि बाबा म्हणाले, "हे उलटं आहे." पाटीवरची अक्षरं उलटी होती. मी ६२ फ्रेम फिल्म पालथी ठेवून काढल्या होत्या. काँप्युटरवर एका क्लिकमधे सुलट्या होतात, पण गावात पाटी नसलेले फोटो तसेच राहिले असते आणि बाबांशिवाय कोणाला समजलंही नसतं. आता दर रोलला फिल्मच्या कडेवरचे आकडे सुलटे आहेत का ते आधी पाहतो.

आणखी एक, ज्याचा खूप उपयोग झाला: मोबाइलच्या सेटिंगमधे रंग उलटवायची सोय असते, ती चालू करून कॅमेरा उघडला आणि लाइटवर ठेवलेली पट्टी पाहिली तर फोटो सुलट दिसतो. बाबा पहाटे चहा घेता घेता अशा पट्ट्या पाहून वहीत लिहितात, कोण, कुठं, कोणत्या साली. गार्डसाहेबांचं नाव आठवलं नाही तर दोन दिवस बेचैन असतात.

२२ जून

रंगीत रोल. नारिंगी बेसमुळे ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फ्रेमला वेगळं नाचते, सोळा फ्रेम जुळवताना हैराण झालो. आता पूर्ण मॅन्युअल: आयएसओ १००, एफ ८, रोलच्या कोऱ्या तुकड्यावर व्हाइट बॅलन्स एकदा घ्यायचा, कोऱ्या तुकड्यावर झेब्रा (उजेड जास्त झाल्याचे तिरपे पट्टे) येऊ लागला की शटरचा वेळ थोडा कमी करायचा, आणि मग अख्खा रोल त्याच सेटिंगवर. फाइल रॉमधेच, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी. रंग उलटवायला डार्कटेबल या सॉफ्टवेअरमधलं निगाडॉक्टर, फुकट आहे. बेसचा रंग एका फ्रेमवर उचलायचा आणि बाकी ३५ ना चिकटवायचा. ब्लॅक अँड व्हाइटला एवढं काही लागत नाही.

१३ जुलै

पाऊस लागला आणि धुळीचा त्रास बंद झाला, फिल्म विजेसारखी ओढत नाही. पण ओलीमुळे पेटीतली पाकिटं एकमेकांना चिकटून राहिली, म्हणून सगळं सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यांमधे भरलं. चार रोलना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. जुनी अॅसिटेट फिल्म कुजायला लागली की तो वास सुटतो आणि त्याची वाफ बाकीच्या रोलनाही बिघडवते, म्हणून ते चार वेगळे काढून आधी उरकले. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी उघडून निदान वास तरी घेऊन पाहावा.

सेन्सरवरचे दोन ठिपके अजून प्रत्येक फोटोत त्याच जागी होते. कॅमेऱ्यातलं क्लीनिंग मोड चालवलं, एक गेला. दुसऱ्याला ६०० चं स्वॅब किट लागलं.

२७ जुलै

१२० चे रोल. ५६ बाय ५६ ची चौकोनी फ्रेम, तिला ०.२८ पटच पुरते, म्हणून १४ ची नळी काढून फक्त हेलिकॉइड, कॅमेरा खांबावर बराच वर. चौकोनामुळे सेन्सरच्या दोन्ही बाजू रिकाम्या जातात, तरी ४००० बाय ४००० उरतात. आग्फा क्लिकची लेन्स अगदी साधी होती, त्याच्या पुढं जाऊन काढण्यासारखं त्यात काही नाही.

आईच्या लग्नाआधीचा एक फोटो निघाला, अंबाझरीच्या बांधावर. आई म्हणते हा तिनं कधी पाहिलाच नव्हता.

३ ऑगस्ट

१४८६ फ्रेम झाल्या. खर्च: कॅमेरा २३,५००, बाकी सगळं मिळून साडेनऊ हजाराच्या आसपास, त्यातले ७०० टाळता आले असते. दुकानापेक्षा जास्त लागले, पण प्रत्येक फ्रेम ६००० पिक्सेल रुंद रॉ आहे, ३५ मिमीला साधारण ४२०० डीपीआय (इंचाला ४२०० ठिपके) पडते. एक कॉपी घरी, एक बहिणीकडे पुण्याला.

१४ राहिल्या. दोन पट्ट्या रबरबँड वितळून एकमेकांना चिकटल्या आहेत, पाकिटावर बाबांच्या अक्षरात 'उमरेड, पाऊस' लिहिलंय. नऊ मेनंतर मी त्यांना हात लावायचा नाही ठरवलं. हवाबंद डब्यात ठेवल्या आहेत, अशा पट्ट्या सोडवणारं हाताला सवय असलेलं कोणी भेटलं तरच उघडीन.